बॅटरी नसलेला रेडिओ : हवेतून येणाऱ्या विजेची गोष्ट

(नाशिक येथे दिलेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला तीन-चार जणांनी विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, हा अँटेनाचा उद्योग कुठून काढलात? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शिंद्याच्या टोलनाक्यावर मिळालं, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

काही महिन्यांपूर्वी आम्ही पुण्याला निघालो होतो. वयामुळे आता गाडी स्वतः चालवत नाही, ओळखीतला एक तरुण येतो. शिंद्याला नाक्यावरची दांडी वर गेली, गाडी पुढे निघाली आणि तो म्हणाला, "सर, हे फास्टॅगचं स्टिकर चार वर्षं झाली लावून. याचा सेल कधी बदलायचा असतो?" आम्ही म्हटलं, त्याला सेल नसतो. "मग चालतं कशावर?" नाक्यावरचं यंत्र रेडिओलहरी सोडतं, त्या लहरींमधूनच त्याला वीज मिळते. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं."

काय चुकलं नव्हतं, ते सिन्नर येईपर्यंत कळलं. मोबाइल टॉवरच्या लहरींवर फोन चार्ज करणारी एक डबी बाजारात येणार, तिची तालुक्याची एजन्सी मिळेल, असं सांगून कोणी त्याच्याकडून अनामत घेतली होती. त्यात बायकोची पोत मोडलेली. चार नमुने आले आणि त्यानंतर फोन लागेनासा झाला. घरचे त्याला मूर्ख म्हणत होते. पण त्याचा तर्क बघा. लहरींमध्ये ऊर्जा असते, हे खरं. अँटेनाने ती पकडता येते, हेही खरं. तिच्यावर बॅटरीशिवाय यंत्र चालतं, आणि ते त्याच्याच गाडीच्या काचेवर चिकटवलेलं होतं! मग फोन का नाही? हा तर्क करणारा माणूस मूर्ख नव्हे. आम्ही चाळीस वर्षं मुलांना अनुमान शिकवलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. पण ती आग चुलीएवढी की वणव्याएवढी, हे त्या अनुमानात येत नाही, आणि आम्हीही कधी वर्गात विचारलं नाही. त्या मुलाचं नुकसान नेमकं तिथे झालं. म्हणून आज हा विषय.

आता मागे जाऊ. १९६० च्या आसपासची गोष्ट असेल. आमचे मामा मालाडला राहत. गोदीत नोकरी, घरात रेडिओ नाही. रेडिओ म्हणजे तेव्हा मोठी खरेदी, वर दरवर्षी परवाना. मामांनी लॅमिंग्टन रोडवरून एक डायोड आणला, ओए ७९ नावाचा, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळून वेटोळं केलं. एक लांब तार खिडकीतून समोरच्या माडापर्यंत नेली, ती अँटेना. दुसरी नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली, ती जमीन. आणि कानाला लावायचे जुने हेडफोन. संपला रेडिओ! ना बॅटरी, ना भिंतीतलं प्लग. आकाशवाणीचं प्रक्षेपण केंद्र मालाडलाच, त्यामुळे आवाज चांगला येई.

दोन गोष्टी आमच्या डोक्यात तेव्हापासून अडकून बसल्या आहेत. एक म्हणजे या रेडिओला बंद करायचं बटण नव्हतं. मामा ऐकता ऐकता झोपत, हेडफोन उशीवर पडलेला असे आणि त्यातून बारीक आवाजात गाणं चाललेलं असे. कोणी काही खर्च करत नव्हतं, मग बंद कशासाठी करायचं? दुसरी गोष्ट, मामेभावाने एकदा कुठून तरी दुसरा हेडफोन आणून जोडला, तर दोन्हींत आवाज कमी झाला. मामी म्हणाल्या, "दोघांनी एकाच ताटात जेवायला बसल्यावर असंच व्हायचं." यात विज्ञान पुरेपूर आहे, बरं का. त्या तारेने जेवढं पकडलं तेवढंच ताटात. कानात जो आवाज येई, तो पडदा हलवण्याचं बळ थेट प्रक्षेपण केंद्रातून, हवेतून आलेलं. घरात त्याला कोणीही काही भर घालत नव्हतं.

मामांच्या डायोडचा पूर्वज आपल्याच देशातला आहे. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. पुढे त्यांनी गॅलेना म्हणजे शिशाच्या खनिजाचा स्फटिक लहरी ओळखायला वापरला. १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केला, १९०४ मध्ये पेटंट मिळालं. त्यांचा स्वतःचा कल पेटंट घेण्याकडे नव्हता, मित्रमंडळींनी आग्रह धरला. स्फटिकाचं काम सोपं आहे. लहर सेकंदाला लाखो वेळा मागे-पुढे होते. स्फटिक तिला एकाच दिशेने जाऊ देतो, दुसऱ्या दिशेला अडवतो. विहिरीवरच्या पंपाचा झडप असतो ना, तसा. तेवढ्याने त्या थरथरीची वापरता येण्याजोगी वीज होते. आज फास्टॅगमध्ये जी चिप आहे, तिच्या तोंडाशी हाच झडप बसलेला आहे, फक्त डोळ्यांना न दिसेल इतका लहान.

त्याच वर्षी, १९०१ मध्ये, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर निकोला टेस्ला यांचा वॉर्डनक्लिफचा मनोरा उभा राहू लागला. जे. पी. मॉर्गन यांनी दीड लाख डॉलर दिले होते. मॉर्गनना हवा होता समुद्रापार संदेश. टेस्लांच्या मनात होतं, संदेशाबरोबर वीजही बिनतारी पाठवायची, जगभर. पैसे आटले, मनोरा पुरा झालाच नाही, १९१७ मध्ये पाडला. "फुकट वीज" विकणारे आजही टेस्लांचा फोटो लावतात आणि सांगतात की भांडवलदारांनी शोध दडपला. आम्हाला वाटतं, टेस्लांवर हा अन्यायच आहे. त्यांच्या योजनेतही वीज आकाशातून फुकट येणार नव्हतीच. मनोऱ्याजवळ वीजघर लागणार होतंच. प्रश्न एवढाच होता, की सर्व दिशांना सोडलेली वीज दूरच्या एका माणसाच्या हातात किती पडेल. निसर्गाने त्याचं उत्तर फार कंजूषपणे दिलं आहे. अंतर दुप्पट झालं की वाटा चौथाई होतो, दसपट झालं की शंभरावा.

आपल्याकडे हे कोणी शिकवलं असेल, तर ते मुंबईच्या पहिल्या रेडिओ कंपनीने, आणि तेही बुडून. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने हौशी प्रक्षेपण सुरू केलं. मग २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं. प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॅट. आजच्या घरातला पाणी तापवायचा गीझर असतो, तेवढी! त्या दीड किलोवॅटवर साधारण तीस मैलांपर्यंत नीट ऐकू येई, आणि केंद्राच्या जवळपास स्फटिकाचा सेट चाले. नाशिककरांच्या वाट्याला काही नाही, आपण शंभर मैलांवर.

कंपनीचं उत्पन्न दोन वाटांनी यायचं. रेडिओ ऐकणाऱ्याने वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढायचा, त्यातले ८० टक्के कंपनीला. शिवाय परदेशातून येणाऱ्या सेटवर दहा टक्के. आता विचार करा. ऐकणाऱ्याच्या घरी वीज खर्च होत नाही, तार माळ्यावर लपवता येते, आणि प्रक्षेपकाला तर कळतही नाही की कोण ऐकतंय. आपण अंगणात वाळवण घातलं म्हणून सूर्याचं ऊन कमी होत नाही. शेजारच्याच्या पापडांवर आपली सावली पडली तरच तक्रार! तसंच इथे. तेव्हा परवाना काढणारे थोडे आणि न काढता ऐकणारे बरेच, असं झालं. कंपनी १ मार्च १९३० ला दिवाळखोरीत निघाली. पुढच्या महिन्यात सरकारने केंद्रं आपल्याकडे घेतली. १९३३ चा बिनतारी कायदा याच दुखण्यावरचा उपाय. परवान्याशिवाय सेट नुसता जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरला.

ऐकणाऱ्याला जे फुकट वाटत होतं, त्याचं वीजबिल मुंबईत कोणी तरी भरत होतं, आणि ते भरणं थांबलं की सगळ्यांचे हेडफोन एकदम मुके. हे आम्ही मामांकडे अनुभवलेलं आहे. रात्री केंद्राचा कार्यक्रम संपला की स्फटिकाचा सेट पूर्ण शांत होई. बॅटरीचा किंवा विजेचा रेडिओ तसा शांत होत नाही, तो खरखरत राहतो. हा फरक लहान नाही. इथे आम्हाला आमच्या जुन्या धंद्याकडे थोडं वळू द्या.

न्याय-वैशेषिकांनी कारणांचे प्रकार केले. घट तयार होतो तो मातीचा, माती हे समवायिकारण. कुंभार, चाक, दांडा ही निमित्तकारणं. त्यांच्यामुळे घट होतो, पण घटात ती नसतात. आता विजेवरचा रेडिओ घ्या. हवेतून आलेली लहर तिथे कुंभार आहे. ती सांगते, आवाज असा कर, तसा कर. पण माती, म्हणजे आवाजाचं बळ, बॅटरीतून किंवा भिंतीतून येतं. कुंभार उठून गेला तरी माती पडून असते, म्हणून ती खरखर. मामांच्या सेटमध्ये मात्र लहर ही कुंभारही होती आणि मातीही. ती गेली की काहीच उरत नाही. (शास्त्रीमंडळी म्हणतील, समवायिकारण द्रव्यच असावं लागतं, लहर द्रव्य आहे का? आहे की नाही, यावर आपण वेगळं व्याख्यान ठेवू. आज सूट द्या.)

रेडिओचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर मजेदार दिसतो. व्हॉल्व्ह आले, आवाज मोठा झाला, घरभर ऐकू येऊ लागला, आणि लहरीकडचं मातीचं काम सुटलं. ती नुसती निरोप्या झाली. स्फटिकाचे सेट गरिबांकडे, मुलांकडे आणि युद्धातल्या सैनिकांकडे राहिले. १९४४ मध्ये इटलीत अँझिओला अडकलेल्या सैनिकांनी दाढीचं पातं आणि पेन्सिलीचं शिसं वापरून असे सेट केले, कारण काही प्रकारचे व्हॉल्व्हचे सेट स्वतःच थोड्या लहरी बाहेर टाकतात आणि शत्रूला सुगावा लागतो. स्फटिकाचा सेट काही सोडत नाही, नुसता घेतो.

लहर पुन्हा माती कशी झाली, ती पुढची कथा, आणि ती हेरगिरीपासून सुरू होते. १९४५ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूतांना, अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना, लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. ते त्यांच्या निवासस्थानी भिंतीवर लागलं. आत लपवलेलं यंत्र सापडलं १९५२ मध्ये. सात वर्षं का सापडलं नाही? कारण त्यात बॅटरी नव्हती, वीज नव्हती. बाहेर रस्त्यावरून कोणी लहरींचा झोत टाकला तरच ते जागं होई. खोलीतल्या बोलण्याने आतला पातळ पडदा हाले आणि परत जाणारी लहर त्याप्रमाणे बदले. हे लिओन थेरेमिन यांचं काम. १९६० मध्ये अमेरिकेने ते चिन्ह संयुक्त राष्ट्रसंघात सगळ्यांसमोर उघडून दाखवलं.

लहानपणी आपण सगळ्यांनी आरसा घेऊन कोणाच्या तोंडावर उन्हाचा कवडसा पाडला असेल. आरशाकडे स्वतःचा उजेड नसतो. पण तो हलवून, झाकून, उघडून खुणा करता येतात. फास्टॅग तेच करतं. नाक्यावरचं यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात झोत टाकतं. स्टिकरमधली धातूची नक्षी, तीच अँटेना, त्यातलं थोडं पकडते. झडपातून त्याची वीज होते, चिप जागी होते आणि अँटेनाचं परावर्तन कमी-जास्त करून आपला क्रमांक "कवडशाने" कळवते. तुमचे पैसे स्टिकरमध्ये नसतात. स्टिकर फक्त नाव सांगतं, हिशेब दुसरीकडे. परावर्तित लहरींनी असं बोलता येईल, हे हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्येच लेख लिहून मांडलं होतं. मग इतकी वर्षं का लागली? आपल्याकडे फास्टॅग आले २०१४ पासून, आणि सक्तीचे झाले फेब्रुवारी २०२१ मध्ये.

उत्तर एका शब्दात द्यायचं तर, भूक. १९५० च्या सुमाराला बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओत जे छोटे व्हॉल्व्ह असत, त्यातला एक व्हॉल्व्ह नुसता तापायलाच सत्तर मिलिवॅट खाई. चार व्हॉल्व्ह असले तर चौपट, आणि प्रत्यक्ष काम त्याउपर. आजच्या स्टिकरमधली चिप दहा-वीस मायक्रोवॅटवर जागी होते. म्हणजे त्या एका व्हॉल्व्हच्या नुसत्या उबेत आज काही हजार चिप जेवतील. हवा जास्त दानशूर झाली, असं मुळीच घडलेलं नाही. यंत्र अल्पाहारी झालं. याचं श्रेय अँटेनावाल्यांपेक्षा चिप बनवणाऱ्यांना जास्त आहे, आणि ही गोष्ट "हवेतून वीज" म्हणणाऱ्या बातम्यांमध्ये कधीच येत नाही.

आता ती आग केवढी, ते मोजू. त्या मुलाबरोबर आम्ही हाच हिशेब संगमनेरला चहाच्या टपरीवर, बिलाच्या पाठीवर केला होता.

नाक्यावरचं यंत्र गाडीच्या दिशेने साधारण चार वॅटचा झोत टाकतं, असं धरू. पाच मीटरवर स्टिकरच्या वाट्याला येतात जेमतेम शंभर मायक्रोवॅट, काच आणि कोन यांत आणखी गळती. गरज दहा-वीसची, म्हणून भागतं. अंतर दहा मीटर केलं की पंचवीस-तीस उरतात, म्हणजे काठावर. म्हणून तर नाक्यावर गाड्यांना हळू आणि जवळ यावं लागतं.

मोबाइल टॉवरचं बघा. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. ९०० मेगाहर्ट्झला ती आहे दर चौरस मीटरला ०.४५ वॅट. प्रत्यक्षात आपण राहतो तिथे याच्या कितीतरी खाली असतं. पण समजा, आपण मर्यादेच्या अगदी टोकावर उभे आहोत. फोनच्या पाठीएवढ्या अँटेनात, म्हणजे साधारण शंभर चौरस सेंटिमीटरमध्ये, येतात साडेचार मिलिवॅट. एक थेंबही सांडला नाही असं धरा. फोनची बॅटरी एकोणीस वॅट-तासांची. भागाकार केला तर ४,२०० तास येतात. म्हणजे सहा महिन्यांच्या थोडं अलीकडे. आणि नुसता पडून असलेला फोनदेखील साडेचार मिलिवॅटपेक्षा जास्त खातो, तेव्हा तो सहा महिन्यांनीही भरायचा नाही. उलट तेवढाच सौरपट्टीचा तुकडा नाशिकच्या दुपारच्या उन्हात धरला, तर सुमारे दोन वॅट देतो. चारशे पटींहून जास्त.

त्या मुलाने भागाकार दोनदा तपासला. मग म्हणाला, "हे कोणी आधी का नाही सांगितलं?" आम्ही काही बोललो नाही.

याचा अर्थ हवेतल्या लहरी गोळा करणं थोतांड आहे, असा कोणी घेऊ नये. उलट तो खरा आणि सुंदर विषय आहे, फक्त त्याची पायरी ओळखावी. बळाने करायचं असेल तर ते विल्यम ब्राउन यांनी करून दाखवलं आहे. १९६४ मध्ये त्यांनी दोरांनी बांधलेलं एक छोटं हेलिकॉप्टर साठ फुटांवर दहा तास उडत ठेवलं, खालून टाकलेल्या सूक्ष्मलहरींच्या झोतावर. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला दीड किलोमीटरवर तीस किलोवॅट पोचवले. पण तिथे झोत एकाच दिशेने, समोर मोठा पट्टा, आणि मधून कोणी जायचं नाही.

आणि कोणी मुद्दाम न पाठवता, वाटेवर सांडलेल्या लहरींवर काय चालतं? २००९ मध्ये सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी दूरदर्शनच्या एका मनोऱ्यापासून चार किलोमीटरवर अँटेना लावली. मनोऱ्याची प्रभावी शक्ती ९६० किलोवॅट. हाती आले साठ मायक्रोवॅट. भागिले तर सोळाशे कोटींत एक! पण तेवढ्यावर तापमान आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र चाललं, बिनबॅटरीचं. २०१३ मध्ये तिथल्याच विद्यापीठात अशी दोन बिनबॅटरीची यंत्रं दूरदर्शनच्या लहरी परावर्तित करून एकमेकांशी बोलली. पुन्हा कवडसा.

दिंडोरी-निफाडचे बागाईतदार इथे बसले आहेत, त्यांच्या मनातला प्रश्न आम्हाला दिसतो. बागेत ओलावा मोजायचं यंत्र आहे, त्याचे सेल बदलायचा कंटाळा येतो, तिथे हे चालेल का? हिशेब असा. दहा मायक्रोवॅट मिळत असतील आणि तासभर साठवले, तर छत्तीस मिलिज्यूल होतात. थेंबे थेंबे तळं. तेवढ्यात यंत्र एकदा मोजमाप करून एक छोटा निरोप पाठवू शकेल, मग पुन्हा तासभर उपास. पण बागेत, टॉवरपासून दूर, दहा मायक्रोवॅट मिळणारच नाहीत, आणि डोक्यावर ऊन तर रग्गड आहे. तिथे सौरपट्टीच लावावी, आमचं मत विचाराल तर. लहरींवर चालणारं यंत्र शोभतं ते ऊन नसलेल्या जागी. शीतगृहात रचलेल्या द्राक्षांच्या पेट्या, भिंतीच्या आत, पुलाच्या काँक्रीटमध्ये, जिथे सेल बदलायला हात पोचत नाही. तिथेही लहर सोडणारं यंत्र आपणच ठेवायचं आणि त्याचं बिल आपणच भरायचं.

पुण्याच्या वाटेवर नारायणगाव लागतं. तिथून पूर्वेला खोडद. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण तिथे आहे. तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, काही किलोमीटरवर पसरलेल्या. रस्त्यावरून दिसेल या आशेने त्या मुलाने मान वळवली आणि विचारलं, "एवढ्या मोठ्या अँटेना आहेत, मग यांना वीज किती मिळत असेल?" आम्हाला हसू आवरेना. दूरच्या मंद आकाशगंगेकडून एका तबकडीत जे येतं, ते एका वॅटचे कोटी भाग केले आणि त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी, त्याहूनही कमी. पापणी हलवायला जी ऊर्जा लागते, तेवढी गोळा व्हायला त्या तबकडीला कित्येक जन्म घ्यावे लागतील. म्हणूनच त्या भागात मोबाइलच्या लहरींचा एवढा जाच होतो. तिथे उलट शेकडो किलोवॅट वीज ओतून ती कुजबुज ऐकतात. अँटेना मोठी म्हणजे वीज जास्त, असं नाही. तिथे लहर हा निव्वळ कुंभार आहे, माती सगळी महावितरणची.

वेळ होत आला. एकच सांगायचं राहिलं.

पुण्याहून परत आल्यावर तो मुलगा दुसऱ्या दिवशी त्या चार डब्यांपैकी एक घेऊन घरी आला. म्हणाला, सर, उघडून बघू. आम्हाला यंत्र उघडण्याचा सराव नाही, पण मामांचा जुना पेचकस घरात आहे. झाकण निघालं. आत एक छोटा रिचार्ज होणारा सेल होता, आधीच भरून पाठवलेला, आणि एक लाल दिवा. अँटेना म्हणून दाखवलेली तांब्याची तार छान वेटोळं करून गोंदाने चिकटवली होती. तिची दोन्ही टोकं मोकळी होती, कशालाच जोडलेली नव्हती. त्याने ती तार सोडवून घेतली आणि विचारलं, "सर, मामांच्या रेडिओला एवढी पुरेल का?"

पुरणार नाही, असं सांगावं लागलं. शिवाय नाशिकचं केंद्र एफ. एम. वर आहे, आणि मामांचा सेट ज्या मध्यम लहरींवर चाले, त्या मुंबईहून इथवर फार क्षीण होऊन येतात. तरी रविवारी गच्चीवर लांब तार बांधून बघायचं ठरलं आहे. हेडफोन मात्र जुन्या प्रकारचे, दोन हजार ओहमचे लागतील. कोणाकडे माळ्यावर पडले असतील तर व्याख्यानानंतर भेटा.